आधी पुढच्या वर्गाचा दरवाजा उघडा: कम्युनिटी कॉलेजांबाबत एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या विद्यापरिषदा व अभ्यासमंडळे,
तसेच कम्युनिटी कॉलेज सुरू करू किंवा पुन्हा उभे करू पाहणारे प्राचार्य आणि संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी सुरू झाल्यापासून कौशल्य अभ्यासक्रमांचे प्रस्ताव पुन्हा विद्यापीठांकडे येऊ लागले आहेत. कुठे त्यांना कम्युनिटी कॉलेज (घराजवळ, कमी फीत, पदवीची पहिली वर्षे किंवा कामाचे कौशल्य शिकवणारे कॉलेज) म्हणतात, कुठे कौशल्य केंद्र, कुठे बी.व्होक. (व्यावसायिक शिक्षणाची पदवी) विभाग. मांडणी बहुधा ठरलेली असते. आधी जागा, मग यंत्रसामग्रीची यादी, मग अपेक्षित अनुदान आणि शेवटच्या पानावर रोजगाराच्या संधींबद्दल एक वाक्य. हा अभ्यासक्रम पुरा केलेली मुलगी पुढच्या वर्षी कोणत्या वर्गात बसेल आणि तिचे श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे शिकलेल्या तासांचे माप) कोण मान्य करील, याचे उत्तर त्या कागदांत सापडत नाही. आम्ही हे अभ्यासक्रम आखण्याचे, शिकवण्याचे आणि तपासण्याचे काम करणारे शिक्षक व निदेशक आहोत. आमची विनंती एकच आहे: हा क्रम उलटा करा. पुढचा वर्ग आधी ठरवा, यंत्रे मागाहून घ्या.

कम्युनिटी कॉलेज या संस्थेचा सव्वाशे वर्षांचा इतिहासही याच क्रमाने घडलेला आहे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, शिकागोच्या नैर्ऋत्येला जोलिएट नावाचे शहर आहे. चुनखडीच्या खाणी, कालवा, रेल्वे आणि पोलादाचे कारखाने यांवर वाढलेले, कामगारांचे. १९०१ साली तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी मिळून एक प्रयोग केला. शाळा संपलेल्या मुलांना गाव न सोडता, त्याच शाळेच्या इमारतीत, विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकायला मिळावेत, एवढाच त्याचा हेतू. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. हार्पर यांनी आपल्या विद्यापीठात पदवीचे दोन टप्पे आधीच पाडलेले होते: पहिली दोन वर्षे ज्युनिअर कॉलेजची, पुढची दोन सीनिअर कॉलेजची. त्यामुळे जोलिएटमध्ये अमुक विषय शिकून आलेल्या मुलाला शिकागोत कुठे बसवायचे, हे ठरवण्याची चौकट तयार होती. सहा मुलांचा वर्ग टिकला तो त्या चौकटीमुळे.

इमारतीचे म्हणाल तर या कॉलेजला स्वतःची जागा मिळायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. १९६९ पर्यंत ते हायस्कूलच्या आवारातच भरत होते. ज्युनिअर कॉलेज हे नावसुद्धा पंधराएक वर्षे चालल्यावर अधिकृत झाले. १९६५ साली इलिनॉयने ज्युनिअर कॉलेजांचा कायदा केला, १९६७ साली परिसरातल्या मतदारांनी कौल देऊन कॉलेजसाठी स्वतंत्र जिल्हा स्थापन केला, आणि मग पुढची वाढ झाली. आज इलिनॉयमधल्या अशा कॉलेजच्या विश्वस्त मंडळावर लोकांनी निवडून दिलेले सात सदस्य असतात आणि मताधिकार नसलेला एक विद्यार्थी प्रतिनिधी. खर्चाचा एक वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, एक राज्याकडून, एक फीतून. ज्यांचा कर जातो तेच मंडळ निवडतात, म्हणून गावात कोणता कारखाना बंद पडला आणि कोणता उघडणार आहे, याची चर्चा मंडळाच्या बैठकीत होतेच. आपल्याकडे सल्लागार समिती असते. तिची बैठक वर्षातून एकदा होते आणि बहुतेकदा चहापानावर संपते. हा फरक आमच्या मते फार मोठा आहे.

‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रुळले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४४ च्या ‘जीआय बिल’ या कायद्यामुळे परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च मिळू लागला आणि कॉलेजांच्या दारात गर्दी झाली. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने घरापासून जाण्यायेण्याच्या अंतरावर, कमी किंवा शून्य फीची, दोन वर्षांची महाविद्यालये देशभर असावीत असे म्हटले आणि त्यांच्यासाठी हेच नाव वापरले. कॅलिफोर्नियाने १९६० च्या आराखड्यात विद्यार्थ्यांची वाटणीच लिहून काढली. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या एक-अष्टमांशाला एका विद्यापीठ समूहात जागा, वरच्या एक-तृतीयांशाला दुसऱ्यात, आणि शिक्षणाचा ज्याला ज्याला उपयोग होईल अशा प्रत्येकाला कम्युनिटी कॉलेजात. तिथून पुढे तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाण्याची वाटही त्याच आराखड्यात होती. आज त्या देशात अशी हजाराच्या आसपास कॉलेजे आहेत.

तिथेही सगळे सुरळीत आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली काढलेल्या अंदाजानुसार, एका संस्थेतून दुसरीत जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाटेतच वाया जात होते. सव्वाशे वर्षांचा अनुभव असलेल्या व्यवस्थेत ही गळती असेल, तर जिथे समकक्षतेचा तक्ताच, म्हणजे कोणता विषय कशाच्या बदल्यात धरायचा याची यादीच, नाही तिथे काय होत असेल? इलिनॉयने यावर केलेला उपाय आपल्या अभ्यासमंडळांनी जरूर पाहावा. १९९८ पासून तिथे राज्यभर एक सामाईक गाभा अभ्यासक्रम लागू आहे: १२ ते १३ विषय, ३७ ते ४१ श्रेयांक. तो गाभा पुरा केला की योजनेत सामील असलेली कोणतीही संस्था तो एकगठ्ठा स्वीकारते. विषयागणिक विभागप्रमुखाच्या सहीसाठी फिरावे लागत नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतातले पहिले कम्युनिटी कॉलेज १९९५ साली पुदुच्चेरी विद्यापीठाने सुरू केले. पुढच्याच वर्षी चेन्नईत मद्रास कम्युनिटी कॉलेज निघाले आणि जेझुइट धर्मगुरू झेवियर अल्फान्सो यांच्या पुढाकाराने ही चळवळ तमिळनाडूत पसरली. शाळा सुटलेली मुले, घरकाम करणाऱ्या बाया, झोपडवस्तीतले तरुण हे तिचे विद्यार्थी. एका वर्षाच्या पदविकेत जीवनकौशल्ये, कामाची कौशल्ये, प्रत्यक्ष कामाच्या जागी उमेदवारी आणि नोकरीची तयारी असे चार भाग असत. वयाची अट नाही, टक्केवारीची नाही. अडचण प्रमाणपत्राची होती. हाती आलेला कागद कोणत्याही विद्यापीठाचा नव्हता. पुढे तमिळनाडू मुक्त विद्यापीठाने मान्यता दिली तेव्हा ती दूर झाली, तीही एका राज्यापुरती. २००९ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने देशभर योजना काढली, केंद्रांची संख्या झपाट्याने शेकड्यांत गेली आणि काही वर्षांतच ती योजना गुंडाळली गेली. एवढ्या केंद्रांतल्या कामाच्या तासांची पडताळणी एका विद्यापीठाकडून होणे अवघडच होते.

त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाची बाराव्या पंचवार्षिक योजनेतली कम्युनिटी कॉलेज योजना आली, २०१४ च्या फेब्रुवारीत बी.व्होक. आले आणि दोन्हींना २७ डिसेंबर २०१३ रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याची चौकट मिळाली. महाराष्ट्रातली बहुतेक कम्युनिटी कॉलेजे या टप्प्यावरची आहेत. चौकट चांगली होती, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राला ३० श्रेयांक, वर्षाच्या पदविकेला ६०, दोन वर्षांच्या प्रगत पदविकेला १२०, तीन वर्षांच्या बी.व्होक. पदवीला १८०. त्यातले ६० टक्के कौशल्याचे आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाचे. म्हणजे पदविकेत ३६ आणि २४. भाषा, हिशेब, संगणक, संवाद यांना चाळीस टक्के वाटा देणारी ही रचना आयटीआयपेक्षा वेगळी होती आणि पुढे पदवीकडे नेणारी होती.

मग बिघडले कुठे? पहिली चूक प्रवेशाच्या दारातच झाली. नाव समाजाचे, पण पात्रता बारावी. दहावी नापास होऊन गॅरेजमध्ये लागलेला मुलगा, जो तमिळनाडूतल्या चळवळीचा मूळ विद्यार्थी होता, तो इथे अपात्र ठरला. त्याच्याऐवजी आला बी.ए. किंवा बी.कॉम.ला शिकणारा नियमित विद्यार्थी, ज्याने जोडीला एक प्रमाणपत्र म्हणून नाव घातले. पटावर पन्नास जण, वर्गात बारा. यावर उपाय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे अभ्यासकेंद्र त्याच आवारात घ्या, मुलाला तिथून बारावीला बसवा आणि त्याच काळात कौशल्याचे तास सुरू ठेवा. ते तास लिहून ठेवले तर बारावीचा निकाल लागल्यावर अभ्यासमंडळाच्या मंजुरीने मोजता येतात. लिहून ठेवले नाहीत तर गेले.

दुसरी चूक वेळापत्रकाची, आणि ती शुद्ध अंकगणिताची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वर्गात किंवा कार्यशाळेत १४ ते १५ घड्याळी तास म्हणजे एक श्रेयांक. कारखान्यातल्या उमेदवारीला निम्मे वजन, म्हणजे तिथे साधारण ३० तासांना एक. एका सत्राचे ३० श्रेयांक सगळे आवारातच पुरे करायचे तर ४५० तास लागतात. पंधरा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे नव्वद दिवस रोज पाच तास. त्यातले आठ श्रेयांक उमेदवारीचे ठेवले तर आवारातले ३३० आणि कारखान्यातले २४० मिळून ५७० तास, म्हणजे रोज सहा तासांहून अधिक. दिवसभर काम करून संध्याकाळी येणाऱ्याला रोज फार तर तीन तास मिळतात. नव्वद दिवसांत २७०. त्याचे होतात १८ श्रेयांक. तरीही संध्याकाळच्या तुकडीला आपण तेच सहा महिन्यांचे वेळापत्रक लावले. परिणाम दोनच संभवतात: मुलगा गळतो, किंवा हजेरीपटावर न झालेले तास चढतात. दोन्ही झाले आहेत.

म्हणून संध्याकाळच्या तुकडीला सत्रागणिक १८ श्रेयांकांचीच परवानगी द्या. ६० श्रेयांकांच्या पदविकेला तिला चार सत्रे लागतील, लागू द्यात. विद्यार्थ्यांचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या क्रेडिट बँकेच्या २०२१ च्या नियमांनुसार श्रेयांक सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात, तेव्हा घाई कशाची? फी मात्र श्रेयांकांच्या हिशेबाने घ्या, वर्षाच्या नव्हे. पुढच्या सत्राला न येऊ शकलेल्या मुलीचे पूर्ण वर्षाचे पैसे बुडाले की ती परत येत नाही.

आता या पत्राच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या राज्यात नव्या धोरणानुसार पदवीचे वर्ष ४० ते ४४ श्रेयांकांचे आहे. कम्युनिटी कॉलेजचे जुने वर्ष ६० श्रेयांकांचे. साठ श्रेयांकांची पदविका घेतलेली मुलगी उद्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आली तर तिचे साठ धरायचे, चाळीस धरायचे की शून्य? ठरलेले उत्तर नसल्यामुळे लिपिक तिला पहिल्या वर्षाचा अर्ज देतो. वास्तविक हा गुंता वाटतो तितका अवघड नाही. नव्या रचनेत सैद्धांतिक श्रेयांक १५ तासांचा आणि प्रात्यक्षिकाचा ३० तासांचा आहे. जुन्या रचनेत कार्यशाळेचा श्रेयांकही १५ तासांचाच होता. समजा पदविकेतले कौशल्याचे सगळे ३६ श्रेयांक कार्यशाळेत झाले. त्यांचे तास ५४०. नव्या मापाने त्याचे १८ श्रेयांक. सामान्य शिक्षणाचे २४ जसेच्या तसे. बेरीज ४२. म्हणजे जुनी ६० श्रेयांकांची पदविका आणि नवे ४० ते ४४ श्रेयांकांचे वर्ष, प्रत्यक्ष तासांत पाहिले तर, एकाच मापाचे आहे.

पण दुसरी मुलगी घ्या. तिच्या ३६ पैकी २० श्रेयांक कार्यशाळेत आणि १६ कारखान्यात झाले. कार्यशाळेचे ३०० तास, नव्या मापाने १० श्रेयांक. कारखान्याचे ४८० तास, दोन्ही मापांनी १६. त्यात २४ मिळवले की ५० होतात. दोघींच्या गुणपत्रिकेवर आकडा एकच, ६०. काम मात्र वेगवेगळे. म्हणून गुणपत्रिकेवर श्रेयांकांच्या शेजारी तासांचे तीन रकाने छापा: वर्ग, कार्यशाळा, कामाची जागा. आम्ही सुचवत असलेल्या सगळ्या बदलांत हा सर्वांत स्वस्त आहे. परीक्षा विभागाच्या संगणक प्रणालीत तीन रकाने वाढवण्यापलीकडे त्याला खर्च नाही.

त्याच्या जोडीला प्रत्येक अभ्यासमंडळाने समकक्षतेचा तक्ता प्रसिद्ध करावा. डाव्या बाजूला कम्युनिटी कॉलेजातला विषय, मध्ये किमान तास, उजव्या बाजूला पदवीचा विषय, ज्याच्या बदल्यात तो धरला जाईल. अन्नप्रक्रियेच्या पदविकेतले परिरक्षणाचे प्रात्यक्षिक बी.एस्सी.च्या कोणत्या विषयाला चालेल? लेखापालनाच्या पदविकेतले जीएसटी विवरणाचे काम बी.कॉम.च्या कोणत्या? ज्याला काहीच समांतर नाही ते खुल्या वैकल्पिकात (विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाबाहेरून निवडलेल्या विषयात) धरावे. नव्या रचनेत कौशल्य अभ्यासक्रमांना आणि खुल्या वैकल्पिकांना जागा आहेच, त्यामुळे कायदा बदलायची गरज नाही. पदवी पहिल्या वर्षानंतर सोडणाऱ्याला प्रमाणपत्रासाठी कौशल्याचे किंवा उमेदवारीचे चार जादा श्रेयांक मिळवावे लागतात. ते चार श्रेयांक त्याच आवारातल्या कम्युनिटी कॉलेजात मिळण्याची सोय झाली तर वाट दोन्ही बाजूंनी वाहती होईल.

तिसरी चूक पैशाची. अनुदान मिळाले की यंत्रे येतात, डेड स्टॉक रजिस्टरला चढतात, उपयोगिता प्रमाणपत्र जाते आणि सहा महिन्यांत कार्यशाळा थंडावते, कारण रोज खपणाऱ्या मालाला पैसा नसतो. वेल्डिंगचेच उदाहरण घ्या. वीस जणांची तुकडी, प्रत्येकाला दिवसाला सहा रॉड, कार्यशाळेचे चाळीस दिवस. म्हणजे ४,८०० रॉड. ३.१५ मिलिमीटरचे धरले तर वजन दीडशे किलोच्या आसपास. शिवाय जोडायला लोखंडी पट्टी, ग्राइंडरची चाके, हातमोजे, हेल्मेटच्या काचा. हा खर्च दर सत्राला येतो. मशीन एकदाच घ्यावे लागते. सहा रॉडच्या जागी एक रॉड दिला तर मुलाचा हात बसत नाही. आर्क धरण्यातच पहिले दोन आठवडे जातात, सांध्यात स्लॅग अडकते, कड खाल्ली जाते आणि हे का होते ते कळायच्या आत सत्र संपते. मग कारखान्याचा फोरमन म्हणतो, पोराला काही येत नाही. त्यात पोराचा दोष नसतो.

विजेचेही तेच. वेल्डिंगची सहा इन्व्हर्टर मशीन एकाच वेळी चालवली तर पंचवीस किलोवॅटच्या आसपास भार येतो. कॉलेजच्या जुन्या जोडणीचा मंजूर भार पंखे, दिवे आणि संगणक कक्ष धरून घेतलेला असतो. ब्रेकर पडतो, मुख्य इमारतीत अंधार होतो, आणि मग एका वेळी दोनच मशीन चालवायची असा अलिखित नियम होतो. वीस जणांत दोन मशीन म्हणजे तीन तासांच्या प्रात्यक्षिकात एकेकाला अठरा मिनिटे. हजेरीपटावर तीन तास लागतात. म्हणून प्रस्ताव तपासताना मंजूर भाराचे बिल जोडलेले आहे का ते पाहा, आणि खपणाऱ्या मालाची तरतूद निदान तीन वर्षांची कुठून येणार, हे विचारा. या दोन कागदांवाचून यंत्रांच्या यादीला मंजुरी देऊ नका.

खरे तर बऱ्याच यंत्रांची गरजच नसते. जोलिएटने शाळेची इमारत वापरली, आपण आयटीआयच्या कार्यशाळा संध्याकाळी का वापरू नयेत? एमसीव्हीसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या, प्रयोगशाळा का नाहीत? तिथे त्रिफेज जोडणी आहे, निदेशक आहे, भांडार आहे. अडते ते दोन खात्यांच्या दोन शिक्क्यांवर. प्राचार्यांच्या पातळीवर करार करायचा तर तीन गोष्टी आधीच लिहून घ्या: मोडतोडीचा खर्च कोणाचा, अपघात विमा कोणाचा, आणि भांडाराची किल्ली संध्याकाळी कोणाकडे. शेवटची बाब क्षुल्लक वाटेल, पण ठरल्या दिवशी तास न होण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

स्थानिक काम आणि शिक्षण यांची सांगड घालायला आपल्याला अमेरिकेकडे पाहण्याचीही गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयापर्यंत नेले. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली त्याच विचाराने उभे राहिले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या एका वर्षाच्या निवासी पदविकेत मुले कार्यशाळा, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा विभागांत आळीपाळीने काम करतात आणि शिकता शिकता गावाला सेवा देतात. शाळेचे दार बनवायचे असेल तर ते मुले बनवतात आणि दार नीट बसले नाही तर गावकरी सांगतात. कम्युनिटी कॉलेजने हेच करावे. दर सत्रात बाहेरच्या ग्राहकाची निदान एक खरी ऑर्डर प्रत्येक तुकडीकडे हवी: पंचायतीच्या टाकीचे नळकाम, बचत गटाच्या लोणच्याचे पॅकिंग व लेबल, पतसंस्थेच्या नोंदींची तपासणी. माल ग्राहकाचा, मजुरी तुकडीच्या खात्यात. खपणाऱ्या मालाचा काही खर्च इथून निघतो.

कारखान्यातल्या उमेदवारीबाबत एक सावधगिरी. विद्यार्थ्याला कामाच्या जागी पाठवले की पहिला आठवडा त्याला साफसफाई आणि मालाची ने-आण मिळते. ते स्वाभाविक आहे. चौथ्या आठवड्यातही तेच चालू असेल तर ती फुकटची मजुरी झाली. त्यामुळे करारात कामांची यादी हवी आणि आठवड्याला एक पान भरणारी नोंदवही हवी: कोणते काम केले, किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, काय चुकले. त्यावर फोरमनची सही आणि पंधरा दिवसांतून एकदा कॉलेजच्या शिक्षकाची भेट. एका शिक्षकाला एका दिवसात तीन ठिकाणांहून जास्त भेटी नीट होत नाहीत, तेव्हा वीस मुले वीस ठिकाणी विखुरण्यापेक्षा सहा-सात ठिकाणी द्या.

शिक्षक हा विषय थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. तासिका तत्त्वावरचा माणूस तासाचे पैसे घेतो. नोंदवही तपासणे, कारखान्याला भेट देणे, मुलगा तीन दिवस का आला नाही हे विचारायला फोन करणे, यातले काही त्याच्या तासात बसत नाही. निदान एक पूर्णवेळ समन्वयक नेमा. तो परवडत नसेल तर अभ्यासक्रम सुरू करू नका.

हा फोन करणारा माणूस किती महत्त्वाचा आहे, याचा पुरावा आहे. न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठाने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे. त्या बदल्यात फीची उरलेली तूट भरून मिळेल, पुस्तकांचा खर्च मिळेल, मेट्रोचा पास मिळेल आणि थोड्याच विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार असेल, ज्याला नियमित भेटणे बंधनकारक. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून तुलना केली तेव्हा तीन वर्षांत पदवी पुरी करणाऱ्यांचे प्रमाण साधारण २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. आपल्याकडे मेट्रोच्या पासाच्या जागी एसटीचा पास ठेवा. सवलतीच्या पासासाठी विद्यार्थी असल्याचा दाखला लागतो. कम्युनिटी कॉलेजची मुलगी प्रवेशानंतर महिनाभर त्या दाखल्याशिवाय राहते, कारण तिचे नाव नियमित पटावर चढलेले नसते. प्रवेशाच्या दिवशीच बोनाफाइड द्या. आणि संध्याकाळची तुकडी साडेआठला सुटणार असेल तर वेळापत्रक छापण्याआधी आगारात जाऊन शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारा. गाडी सव्वाआठची असेल तर तुकडी आठला सोडा आणि राहिलेला अर्धा तास रविवारी भरून काढा.

विद्यापरिषदांकडून आम्हाला पुढील प्रवेश सुरू होण्याआधी, म्हणजे जूनच्या आत, दोन ठराव हवे आहेत. एक, समकक्षतेच्या तक्त्याचा. सुरुवातीला चारच विषयांचा असला तरी चालेल, पण तो संकेतस्थळावर आणि माहितीपत्रकात छापलेला असावा, म्हणजे प्रवेश घेणाऱ्या मुलीला पैसे भरण्याआधी वाचता येईल. दोन, गुणपत्रिकेवर तासांचे तीन रकाने छापण्याचा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ दिलेले आहे. तासांच्या नोंदींची पडताळणी त्याच्याकडे सोपवता येईल. ज्यांनी आधीच पदविका घेतली आहे त्यांनाही हा तक्ता मागील तारखेने लागू करावा. त्यांच्या नोंदवह्या अजून कॉलेजांत आहेत. वाळवी लागण्याआधी त्या स्कॅन करून घेण्याचे आदेश कृपया याच महिन्यात काढावेत.

आपले,
कम्युनिटी कॉलेज व बी.व्होक. अभ्यासक्रमांत काम करणारे शिक्षक व निदेशक